विश्लेषण : डोंग्यात लाइफ जॅकेट येईलही, पण ते तरंगतं का हे कोण तपासणार?

धानोरा (जि. गडचिरोली) : नदीत बोट उलटली की पुढचे चार दिवस एक मागणी हमखास ऐकू येते, ‘प्रत्येक बोटीत लाइफ जॅकेट द्या’. मागणी रास्तच आहे. पण लाइफ जॅकेट मिळणं आणि जीव वाचवणारं जॅकेट मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नारंगी रंगाचं, पट्टे असलेलं, आत काहीतरी भरलेलं प्रत्येक कापड जॅकेट असतंच असं नाही. ते कसं निवडायचं, कसं तपासायचं आणि खरेदीत कुठे फसगत होते? समजून घेऊया.

गणपूरला काय घडलं होतं?

२३ जानेवारी २०२४. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यातलं गणपूर. गावातल्या महिला वैनगंगा ओलांडून पलीकडे चंद्रपूर जिल्ह्याच्या हद्दीत मिरची तोडायला निघाल्या होत्या. डोंगा नदीत उलटला आणि सहा महिला बुडाल्या. पूर नव्हता, वादळ नव्हतं. हिवाळ्यातला कामाचा साधा दिवस होता.

या दोन जिल्ह्यांत डोंगा ही हौसेची गोष्ट नाही. पलीकडच्या काठावर मजुरी असते, शेत असतं, बाजार असतो, नातेवाईक असतात. पुलावरून जायचं तर लांबचा फेरा पडतो आणि फेऱ्यात अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. धानोऱ्याच्या जंगलातून वाहत येणारी कठाणी गडचिरोलीजवळ वैनगंगेला मिळते. दक्षिणेकडे भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीचा संगम आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही दरवर्षीची बातमी. अशा भागात पाणी ओलांडणं टाळता येत नाही. म्हणून ते कमीत कमी जोखमीत कसं ओलांडायचं, हा प्रश्न उरतो.

हा एकटाच अपघात आहे का?

नाही. महाराष्ट्रातल्या गेल्या काही वर्षांतल्या घटना पाहा.

• १४ सप्टेंबर २०२१ : अमरावती जिल्ह्यातल्या वरूड तालुक्यात झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटून एकाच नात्यागोत्यातले ११ जण बुडाले.

• २१ मे २०२४ : उजनी धरणाच्या पाण्यात कुगाव ते कळाशी या मार्गावर सोसाट्याच्या वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू.

• १८ डिसेंबर २०२४ : मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीड बोटीची धडक, १५ जणांचा मृत्यू. त्यानंतर गेटवेवर प्रवाशांना जॅकेट घालायला लावण्याची सक्ती सुरू झाली.

शेजारच्या गुजरातमध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथेही सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. गणपूरची घटना त्यानंतर पाचच दिवसांनी घडली. फरक इतकाच, की गेटवेच्या बोटीवर देशभरातले कॅमेरे पोहोचतात आणि मग नियम लागू होतात. वैनगंगेच्या डोंग्यापर्यंत कॅमेरे क्वचित पोहोचतात आणि नियम त्याहूनही क्वचित.

जॅकेट नेमकं करतं काय?

माणसाच्या शरीराची घनता पाण्याच्या जवळपास असते. त्यामुळे डोकं पाण्याबाहेर ठेवायला फार मोठा आधार लागत नाही. साधारण तीन ते पाच किलो वजनाइतका वरच्या दिशेचा जोर प्रौढ माणसाला पुरतो. जॅकेट तो जोर देतं. हा जोर ‘न्यूटन’मध्ये मोजतात. ढोबळ हिशेब सोपा आहे : १० न्यूटन म्हणजे सुमारे एक किलो.

आंतरराष्ट्रीय मानकात (आयएसओ १२४०२) चार मुख्य पातळ्या आहेत : ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन. यातला ५० आणि १०० मधला फरक फक्त आकड्याचा नाही. ५० न्यूटनचं साधन पोहता येणाऱ्यासाठी आहे. शुद्धीवर असलेल्या, हातपाय मारणाऱ्या माणसाला ते मदत करतं. माणूस बेशुद्ध होऊन पालथा पडला तर ते त्याला उताणं करेलच, याची खात्री नसते. शांत पाण्यासाठीचं खरं लाइफ जॅकेट १०० न्यूटनपासून सुरू होतं. त्याच्या छातीशी जास्त फोम असतो आणि मानेमागे गळपट्टी असते. त्यामुळे तोंड आकाशाकडे राहतं.

मिरची तोडायला निघालेल्या किती जणींना पोहता येतं, हा प्रश्न विचारला की कोणतं जॅकेट हवं याचं उत्तर आपोआप मिळतं. पण ऑनलाइन शोधलं की काही शे रुपयांत मिळणारी बहुतेक जॅकेट्स पहिल्या प्रकारची असतात, आणि दुकानदार दोन्हींना ‘लाइफ जॅकेट’च म्हणतो.

फुगणारं आधुनिक जॅकेट घेतलं तर?

अंगाला हलकं, गळ्यात पट्ट्यासारखं बसणारं फुगणारं जॅकेट दिसायला छान असतं. आत दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी असते. दोरी ओढली, किंवा पाण्याने आतली गोळी विरघळली, की जॅकेट फुगतं. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या घरात जाणाऱ्या जिल्ह्यात जाड फोमपेक्षा हे बरं, असं वाटणं साहजिक आहे.

इथे हजारो किलोमीटर दूरचा, बर्फातला अनुभव कामाला येतो. आल्प्समध्ये किंवा आपल्याकडे गुलमर्गला, आखलेल्या मार्गाबाहेर स्कीइंग करणारे हौशी लोक पाठीवर एअरबॅगची सॅक बांधतात. हिमकडा कोसळला की दांडी ओढायची. काही सेकंदांत मोठी पिशवी फुगते आणि माणूस बर्फाच्या लोंढ्यात वरच्या थरात राहतो. घमेल्यातली वाळू हलवली की मोठे खडे वर येतात, तसंच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशा अपघातांची छाननी झाली. गंभीररीत्या सापडलेल्यांमध्ये पिशवी फुगल्यास मृत्यूचं प्रमाण २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर येतं, असं त्यात दिसलं. म्हणजे साधन उपयोगी आहेच. पण त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे : पाचपैकी एका वेळी पिशवी फुगलीच नाही. आणि न फुगलेल्यांपैकी ६० टक्के वेळा यंत्र बिघडलं नव्हतं, माणसालाच दांडी ओढता आली नव्हती.

हे लोक महागडी साधनं विकत घेणारे आणि बर्फात वावरण्याची सवय असलेले होते. तरी ऐनवेळी हात दांडीपर्यंत पोहोचला नाही. मग डोंगा अचानक कलंडल्यावर, हातात डबा आणि पोतं असताना, आयुष्यात पहिल्यांदा जॅकेट घातलेली बाई दोरी शोधून ओढेल, हे गृहीत धरून खरेदी करता येणार नाही. आपोआप फुगणाऱ्या जॅकेटची गोळी दमट हवेत, पावसात खराब होऊ शकते. नळकांडी एकदाच चालते. बोरी-बाभळीचा काटा लागला की पिशवी फुसकी. दरवर्षी तपासणी लागते ती वेगळीच. निष्कर्ष स्पष्ट आहे : डोंग्यासाठी फोमचंच जॅकेट हवं. त्याला काहीही ओढावं लागत नाही.

फोमचं असलं की झालं?

इथेच खरी फसगत होते. १५ जून १९०४ रोजी न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये ‘जनरल स्लोकम’ या बोटीला आग लागली. चर्चच्या सहलीला निघालेल्या महिला आणि मुलं मिळून हजाराहून अधिक माणसं गेली. बोटीवर जॅकेट्स होती. पण ती १३ वर्षं तशीच टांगून ठेवलेली होती, आतल्या बुचाचा भुगा झाला होता. आयांनी मुलांना जॅकेट घालून पाण्यात सोडलं आणि मुलं बुडाली. पुढे चौकशीत आणखी भयंकर गोष्ट उघड झाली. जॅकेटमध्ये ठरावीक वजनाचं बूच असलं पाहिजे, असा नियम होता. एका उत्पादक कंपनीच्या मालात ते वजन भरून काढण्यासाठी बुचाच्या ठोकळ्यांत लोखंडाच्या पट्ट्या घातलेल्या सापडल्या. तराजूवर माल पास होत होता. पाण्यात टाकून कोणी पाहिलं नव्हतं.

ही शतकापूर्वीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. जानेवारी २०१६ मध्ये तुर्कस्तानातल्या इझमिर इथे पोलिसांनी एका कारखान्यातून हजाराहून अधिक बनावट जॅकेट्स जप्त केली. समुद्रमार्गे ग्रीसला निघालेल्या निर्वासितांना ती विकली जात होती. आत पॅकिंगचं साहित्य भरलेलं होतं, जे पाणी शोषून घेतं. असं जॅकेट घालणारा काही वेळाने खाली ओढला जातो.

दोन्हीकडे विकत घेणाऱ्याने रंग, वजन, शिलाई पाहिली. चाचणी कोणीच घेतली नाही.

चाचणी कशी असते?

जहाजांवरच्या जॅकेट्ससाठी आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत ज्या चाचण्या आहेत, त्यातल्या तीन सामान्य माणसालाही समजतील अशा आहेत.

१. २४ तास बुडवून ठेवणं : गोड्या पाण्यात २४ तास बुडवल्यानंतर जॅकेटचा तरंगण्याचा जोर ५ टक्क्यांपेक्षा जास्त घटता कामा नये.

२. एका मिनिटात घालणं : ज्यांनी ते जॅकेट कधी पाहिलेलं नाही, अशांपैकी किमान ७५ टक्के लोकांना ते कोणाच्याही मदतीशिवाय एका मिनिटात नीट घालता आलं पाहिजे.

३. उताणं करणं : पालथ्या, बेशुद्ध माणसाला जॅकेटने काही सेकंदांत उताणं केलं पाहिजे आणि तोंड पाण्यापासून सुमारे १२ सेंटीमीटर वर ठेवलं पाहिजे.

याशिवाय मापं ठरलेली आहेत : १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी वेगळं, १५ ते ४३ किलोपर्यंतच्या मुलांसाठी वेगळं आणि ४३ किलो व त्यावरच्या प्रौढांसाठी वेगळं. बाजारातलं ‘फ्री साइज’ जॅकेट किरकोळ अंगकाठीच्या बाईला किंवा शाळकरी पोराला घातलं, तर पाण्यात ते कानापर्यंत वर सरकतं आणि माणूस खाली निसटतो.

ही चाचणी नदीघाटावर करता येईल का?

पूर्ण प्रयोगशाळा नाही उभारता येणार, पण खोटा माल ओळखण्यापुरती नक्कीच करता येईल. खर्च जवळपास शून्य.

• पाण्याची टाकी किंवा खोल हौद घ्या. १०० न्यूटनचं म्हणून आलेल्या जॅकेटला ११ किलोची लोखंडी वजनं बांधा. दगड नको. दगडाचं वजन पाण्यात बरंच घटतं, लोखंडाचं कमी घटतं. पाण्याखाली हे ११ किलो लोखंड साधारण साडेनऊ किलो भरतं. जॅकेट बुडालं, तर ते १०० न्यूटनचं नाही.

• वजनं काढून तेच जॅकेट जाळीच्या पिशवीत दगड घालून २४ तास पाण्याखाली दाबून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ११ किलो बांधा. काल तरलेलं आज बुडालं, तर आत पाणी पिणारा माल आहे. पूर्ण खेप परत.

• जॅकेट घातलेल्या माणसाचे दोन्ही खांदे धरून जॅकेट वर ओढा. हनुवटीच्या वर गेलं तर माप चुकलं.

• शेवटी कमरेइतक्या शांत पाण्यात, दोन्ही बाजूंना पट्टीचे पोहणारे उभे करून, एकेकाला अंग सैल सोडायला सांगा. तोंड वर राहतं का ते पाहा.

ही शेवटची चाचणी कोणावर घ्यायची, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. खरेदी समितीतल्या शर्ट-पॅन्टवाल्या साहेबावर नको. जी रोज डोंग्यात बसते तिच्यावर, तिच्या रोजच्या कपड्यांत हवी. अंगावर लुगडं किंवा साडी, त्यावर शेतात घालायचा जुना शर्ट. ओल्या कापडाचं वजन माणसाला तळाशी नेतं, हा समज तितकासा खरा नाही. पाण्याखाली त्याचं ओझं फार नसतं. खरा धोका म्हणजे कापड पायांना गुंडाळतं आणि पाय मारता येत नाहीत. जॅकेट वर सरकू नये म्हणून अनेक जॅकेट्सना दोन पायांमधून घ्यायचा पट्टा असतो. कासोट्याच्या लुगड्यावर तो कसाबसा बसेल, गोल साडीवर बाई तो लावणारच नाही. मग कमरेचा रुंद पट्टा आणि बाजूचे पट्टे पुरेसे घट्ट बसतात का, हे घाटावरच कळेल. कागदावर कळणार नाही.

खरेदी कोणी करायची?

कायद्यात जागा आहे. १९१७ चा जुना कायदा मोडीत काढून आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिन नसलेल्या नौकांसाठी वेगळं प्रकरण आहे. अशा नौकांची नोंद स्थानिक पातळीवर, अगदी पंचायतीपर्यंत ठेवण्याची सोय त्यात आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्येच बोट सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पैशांसाठी जिल्हा नियोजन समिती आहे. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींकडे आदिवासी उपयोजनेतून येणारा ५ टक्के अबंध निधी आहे. त्यातून काय बसवता येईल हे ग्रामसभेने तपासायला हवं.

धोका खरेदीच्या पद्धतीत आहे. सरकारी निविदेत ‘लाइफ जॅकेट, नारंगी, नग ५००’ एवढंच लिहिलं, तर सर्वात कमी दराचा माल येणार आणि तो ५० न्यूटनचा किंवा त्याहून वाईट असणार. ठेकेदाराने नियम मोडला असंही म्हणता येणार नाही. नियमच लिहिलेला नसतो. म्हणून निविदेत किमान पाच अटी हव्यात : १०० न्यूटन आणि मानकाचा क्रमांक, गळपट्टी, शिट्टी व चमकणारी पट्टी, तीन मापं, उत्पादनाचं वर्ष, आणि प्रत्येक खेपेतले काही नग घाटावर, लोकांसमोर तपासल्यावरच बिल.

हे अवघड वाटत असेल तर धानोरा तालुक्यातल्याच मेंढा (लेखा) गावाकडे पाहावं. या ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक तिच्या हाती आलं आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. बांबूची मोजणी, लिलाव आणि हिशेब गावकरी करू शकतात, तर ११ किलोचं वजन बांधून जॅकेट तपासणं त्यांना जड नाही. त्यांच्या हाती ते काम द्यायला हवं इतकंच.

जॅकेट आलं, पुढे काय?

जॅकेट कोणाच्या घरी ठेवायचं, हे ठरलं नाही तर ते सहा महिन्यांत संपतं. डोंग्यात बसायला गादी म्हणून वापरलं की फोम दबतो आणि जोर कमी होतो. उन्हात पडून कापड कुजतं, कोठीत उंदीर कुरतडतात. काठावर सावलीत खुंट्या, प्रत्येक जॅकेटवर नंबर आणि वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि मिरचीच्या हंगामाआधी, तीच ११ किलोची चाचणी, एवढी शिस्त पुरते. जॅकेट काठावरच घालायचं. डोंगा कलंडायला लागल्यावर ते घालायला वेळ मिळत नाही.

आणखी एक गोष्ट जॅकेटइतकीच महत्त्वाची आणि त्याहून स्वस्त आहे. डोंग्याच्या बाहेरच्या बाजूला तेलरंगाची आडवी पट्टी मारायची. माणसं बसल्यावर पट्टी पाण्याखाली गेली की एकाने उतरायचं. जॅकेट बोट उलटणं थांबवत नाही, पट्टी थांबवू शकते. नावाड्याला दोन फेऱ्या जास्त माराव्या लागतील. त्या फेऱ्यांचे पैसे मजुरांच्या खिशातून न जाता काम देणाऱ्याने किंवा पंचायतीने द्यायला हवेत. नाहीतर पट्टी असूनही सगळ्या एकाच फेरीत बसतील, कारण उशिरा पोहोचलं तर मजुरी कापली जाते.

पूल मागायचा सोडून जॅकेट का?

हा आक्षेप खरा आहे. जॅकेट वाटून फोटो काढायचे आणि पुलाचा विषय मागे टाकायचा, असं होऊ शकतं. नदीकाठच्या गावांचा पहिला हक्क पुलावरच आहे आणि तो सोडण्याचं कारण नाही. पण पुलाला मंजुरी, निधी आणि बांधकामात वर्षं जातात. मिरचीचा हंगाम दरवर्षी येतो आणि डोंगा उद्या सकाळीही निघणार आहे. पुलाची मागणी आणि तपासलेलं जॅकेट ही एकाच अर्जातली दोन कलमं असायला हवीत.

पुढच्या वेळी कोणी अधिकारी किंवा पुढारी जॅकेटचे गठ्ठे घेऊन घाटावर आला, तर गावाने आभार जरूर मानावेत. पण सही करण्याआधी एक हौद, ११ किलो लोखंड आणि एक दिवसाची मुदत मागावी. गठ्ठ्यातला माल खरा असेल तर देणाऱ्याला त्याची अडचण वाटणार नाही.